डोकं दुखतंय, बाई!

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या १९८६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. नाश्ता आणि ग्रुप फोटो यांच्या मधली. "तू मुलांची डॉक्टर, काहीतरी उपयोगी बोल, पण लोकांचं डोकं दुखवू नकोस," असं बजावून दिली आहेत. म्हणून मी विषयच डोकेदुखीचा घेतला. मुलांची डोकेदुखी. आपल्यातले निम्मे आता आजी-आजोबा होण्याच्या वाटेवर आहेत, काहीजण झालेही आहेत, आणि आपल्यातल्या सहाजणी स्वतः शिक्षिका आहेत. तेव्हा कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडेल.

आधी एक जुनी गोष्ट. आठवीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास. पत्रे तापलेले. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर आपली एक मैत्रीण डोकं खाली घालून बसायची. महिन्यातून दोन-तीनदा तरी. सर म्हणायचे, "उठा, उभ्या राहा." ती उभी राहायची. "काय होतंय?" "डोकं दुखतंय, सर." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "गणिताच्या तासालाच कसं दुखतं?" आणि वर्ग हसायचा. मीही हसायचे. मला ते चांगलं आठवतं. एकदा तिला बाहेर व्हरांड्यात उभं केलं, तिथे ऊन होतं, आणि तिथेच तिला उलटी झाली. मग तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती हसतखेळत शाळेत आली, आणि त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली की काल नाटक होतं.

ती आज इथे बसली आहे. काल रात्री तिची परवानगी घेऊनच मी हे सांगते आहे. तिच्या घरी याला "पित्त" म्हणत. उलटीतून पिवळं, कडू पाणी पडायचं, मग ती अंधाऱ्या खोलीत झोपायची आणि दोन-तीन तासांनी ठणठणीत उठायची. पित्त पडलं, बरं वाटलं. घरातल्यांनी जे पाहिलं ते बरोबर होतं, नाव मात्र चुकलं. ती अर्धशिशी होती, ज्याला आपण आता मायग्रेन म्हणतो. पुढे लग्नानंतर तिला कोणीतरी सांगितलं, "तुम्हाला सायनस आहे." दुखताना नाक चोंदायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, कपाळ जड व्हायचं, म्हणजे सायनसच. त्यावर तिने किती वर्षं वाफारे घेतले, किती वेळा अँटिबायोटिकचे कोर्स केले, किती एक्स-रे काढले, याची मोजदाद तिलाही नाही. चाळिशीत एका डॉक्टरने पहिल्यांदा तिला नीट विचारलं, "दुखायला लागलं की तुम्हाला काय करावंसं वाटतं?" ती म्हणाली, "दिवा बंद करून पडावंसं." तिथे निदान झालं.

ही चूक फार जणांची होते. २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं समजणाऱ्या जवळजवळ तीन हजार प्रौढांना तपासलं, तर त्यातल्या ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या जातीचं निघालं. मुलांच्या डॉक्टरांनाही हा धडा शिकवला जातो : "कपाळ दुखतंय म्हणजे सायनस" असं पटकन म्हणू नका. मीही शिकले. आणि धडा इतका पाठ झाला की एकदा मी उलट बाजूने आपटले. आज खरं तर तेच सांगायला उभी आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा यायला लागला. डोकं दुखतं म्हणून. त्याच्या आईला मायग्रेन, मामाला मायग्रेन. मुलाचं नाक स्वच्छ, ताप नाही, खोकला नाही. डोळे तपासून झालेले, चष्मा नाही. दुखणं डोळ्यांच्या मागे आणि टाळूवर. मी आईकडे बघून हसले आणि म्हटलं, "तुमचाच वारसा आहे." मायग्रेन लिहिलं, झोपेचं, जेवणाच्या वेळांचं, पाणी पिण्याचं सांगितलं, दुखलं तर घ्यायचं औषध दिलं. महिनाभराने तो आला, फरक नाही. औषध बदललं. पुन्हा आला, फरक नाही. असे पाच महिने गेले.

दुसऱ्या भेटीच्या वेळी त्याची आई म्हणाली होती, "डॉक्टर, रात्री झोपेतून उठतो हो हा. आडवा पडला की जास्त दुखतं म्हणतो." ते वाक्य माझ्या हस्ताक्षरात त्याच्या केसपेपरवर आहे. मी ते लिहिलं आणि पुढे गेले. तिसऱ्या भेटीला तो स्वतः म्हणाला होता, "रोजच दुखतं." मी लिहिलं, "रोज." त्याचंही मला काही वाटलं नाही. मायग्रेन हा शब्द पहिल्या पानावर लिहून झाला होता ना!

मग एके दिवशी दुपारी त्याच्या आईचा फोन आला. तिला शाळेतून वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं होतं. बाईंनी विचारलं होतं, "तुमचा मुलगा फळ्यावरचं उतरवून घेताना एक डोळा मिटतो, तुमच्या लक्षात आलंय का? चार दिवस बघतेय मी." घरी विचारल्यावर मुलगा म्हणाला, "दोन्ही डोळ्यांनी बघितलं की फळ्यावरच्या ओळी दोन-दोन दिसतात. वहीतलं नीट दिसतं."

मी म्हटलं, आत्ता या. तपासलं, तर त्याचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नव्हता. त्या संध्याकाळी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. स्कॅन झाले. नाकाच्या अगदी मागे, कवटीच्या मध्यावर स्फेनॉइड नावाची एक सायनस असते. ती पुवाने गच्च भरलेली होती. तिच्या भिंतीला लागूनच डोळा हलवणाऱ्या नसा जातात आणि दृष्टीची नसही. त्यातली एक नस सुजली होती. दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून दुर्बीण घालून ती पोकळी मोकळी केली, शिरेतून अँटिबायोटिक दिली. डोकेदुखी आठवड्याभरात गेली. डोळा सरळ व्हायला सहा आठवडे लागले. दृष्टी वाचली. आणखी काही दिवस गेले असते तर काय झालं असतं, हे मला त्या तज्ज्ञांनी बाजूला घेऊन सांगितलं. ते इथे सांगत नाही.

आता थोडं शास्त्र, म्हणजे ही चूक दोन्ही बाजूंनी का होते ते कळेल.

आपल्या चेहऱ्याच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्या सायनस. त्या सगळ्या एकदम तयार होत नाहीत. घराला एकेक खोली वाढवत जावी तशा होतात. गालातल्या आणि दोन डोळ्यांच्या मधल्या पोकळ्या जन्मतः लहानशा रूपात असतात. मागची स्फेनॉइड तीन ते पाच वर्षांपासून हवा भरून मोठी होऊ लागते. कपाळातली तर साधारण सहा-सात वर्षांनंतर आकार घेते आणि पुरती व्हायला विशी जवळ येते. म्हणून चार वर्षांच्या नातवाच्या कपाळावर हात ठेवून "सायनस झालाय" असं कोणी म्हटलं, तर त्यांना विचारा, ती खोली बांधून झालीय का?

दुसरी गोष्ट. कपाळ, डोळे, नाक, सायनस आणि मेंदूवरचं आवरण, या सगळ्यांच्या वेदना वाहून नेणारी मुख्य नस एकच आहे, ट्रायजेमिनल. आपल्या जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि दार एकच असायचं. कडी वाजली की पाहुणा कोणाकडे आलाय ते कळायचं नाही. तसंच हे आहे. मायग्रेनमध्ये हीच नस चेतवली जाते आणि तिच्या जोडीने नाकाच्या व डोळ्यांच्या ग्रंथींनाही इशारा जातो. म्हणून नाक चोंदतं, पाणी येतं. नाक वाहिलं म्हणून सायनस ठरत नाही, आणि आमच्या या मुलासारखं, नाक कोरडं आहे म्हणून सायनस नाही असंही ठरत नाही.

मग ओळखायचं कसं? मुलांच्या नेहमीच्या सायनसच्या जंतुसंसर्गात डोकेदुखी हे मुख्य लक्षण नसतंच. सर्दी-खोकला असतो, आणि तो दहा दिवस उलटले तरी जराही कमी होत नाही. किंवा बरा होत आला असताना पुन्हा उलटतो, ताप येतो. किंवा सुरुवातीलाच १०२ च्या वर ताप आणि घट्ट पिवळा शेंबूड सलग तीन दिवस. याच तीन तऱ्हांवर डॉक्टर निदान करतात. लहान मुलांचा सायनसचा एक्स-रे यात फारसा उपयोगाचा नाही, कारण साध्या सर्दीतही तो धूसर दिसतो. आणि स्फेनॉइडसारखी मागची पोकळी त्यात नीट दिसतही नाही.

मुलांची अर्धशिशी मोठ्यांसारखी नसते. नाव अर्धशिशी असलं तरी मुलांमध्ये ती बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना, कपाळावर असते. दोन तासांतही संपू शकते. मळमळ, उलटी होते. उजेड आणि आवाज नकोसा होतो. मूल खेळ सोडून पडून राहतं, झोपतं आणि उठल्यावर बरं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन झटक्यांच्या मधले दिवस कोरे असतात. मूल पूर्ण बरं असतं. आपली मैत्रीण दुसऱ्या दिवशी हसतखेळत यायची, तेच तिच्या दुखण्याचं लक्षण होतं. आपण ते तिच्या खोटेपणाचं लक्षण मानलं.

माझ्या त्या मुलाला कोरे दिवस नव्हते. रोज दुखत होतं, झोपून बरं वाटण्याऐवजी वाढत होतं. दोन्ही गोष्टी माझ्यासमोर लिहिलेल्या होत्या. घरात मायग्रेन असणं हा निदानाला आधार असतो, पुरावा नसतो. एवढंच मी विसरले.

म्हणून आता मी प्रत्येक घराला एक वही करायला सांगते. साधी दोनशे पानी. दुखलं त्या दिवशी चार ओळी : किती वाजता सुरू झालं, किती वेळ टिकलं, त्याआधी काय झालं होतं (उपास, जागरण, ऊन, परीक्षा), आणि कशाने थांबलं. औषध दिलं तर तेही. दोन महिन्यांची वही घेऊन आलेल्या आईपुढे माझं अर्धं काम झालेलं असतं. औषधाची नोंद यासाठी की साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, अशा सलग तीन महिन्यांहून जास्त घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. आणि मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही. त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा एक दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

घरच्या उपायांबद्दल विचारतात. सुंठ उगाळून कपाळावर लेप लावला तर माझी हरकत नाही, त्वचेची आग झाली की धुऊन टाका. वाफाऱ्याला मात्र माझी हरकत आहे. उकळत्या पाण्याचं पातेलं अंगावर सांडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब पुरतात. आणि सूर्योदयाआधी दूध-जिलेबी! तिने अर्धशिशी जाते असं सांगणारी आजी प्रत्येक घरात असते. मी म्हणते, मुलाला पहाटे काहीतरी खायला मिळतं आणि उपाशीपोटी शाळेत जाणं टळतं, तेवढा फायदा मान्य. जिलेबीऐवजी पोळी-भाजी चालेल.

चेष्टा नाही, नियमित जेवण आणि झोप हे खरोखरच औषध आहे. २०१७ साली मुलांच्या मायग्रेनवर दोन नेहमीची प्रतिबंधक औषधं आणि नुसती खोटी गोळी यांची तुलना प्रसिद्ध झाली. तिन्ही गटांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना बरं वाटलं, आणि खऱ्या औषधांचा गट खोट्या गोळीच्या गटापुढे गेला नाही. याचा अर्थ मुलं नाटक करत होती असा काढू नका. कोणीतरी आपलं दुखणं खरं मानलं, नोंदलं, पुन्हा बोलावून विचारलं, याचाही मुलांना गुण येतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

आता लिहून घ्या, ही यादी थांबण्याची नाही, धावण्याची आहे. डोकेदुखीबरोबर दोन-दोन दिसणं किंवा कमी दिसणं. डोळ्याभोवती सूज, लाली, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं. कपाळावर मऊ फुगवटा. ताप आणि मान ताठ होणं. झोपेतून उठवणारं किंवा पहाटे उलटीसह येणारं दुखणं. चालताना तोल जाणं, झटका येणं, मूल गुंगीत जाणं. आणि दिवसेंदिवस वाढत जाणारं, कोरा दिवस न देणारं दुखणं. यातलं काहीही दिसलं तर "आधीच मायग्रेनचं निदान झालंय" म्हणून घरी थांबू नका. निदान एकदा झालं म्हणजे दगडावरची रेघ नसते. डॉक्टरला परत विचारा, "अजून मायग्रेनच वाटतंय का?" चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. मला कोणी दुसऱ्या महिन्यात विचारायला हवं होतं.

शेवटी, आपल्या गुरुजनांसाठी आणि आपल्यातल्या शिक्षिकांसाठी. वर्गात मूल डोकं दुखतंय म्हणालं तर त्याला उन्हात किंवा उभं ठेवू नका. पाणी द्या, डबा खाल्ला का विचारा, जमलं तर सावलीत अर्धा तास पडू द्या, आणि घरी कळवा. खोटं बोलणारी मुलं असतात, मान्य आहे. पण खोटं बोलणाऱ्या एकाला अर्धा तास झोप मिळाली तर शाळेचं फार नुकसान होत नाही. आणि तुम्ही मुलाला रोज पाच-सहा तास बघता. मी त्याला महिन्यातून दहा मिनिटं बघते. तो एक डोळा मिटतो हे मला दिसलं नाही, त्याच्या बाईंना दिसलं. मी त्यांना भेटायला त्यांच्या शाळेत गेले होते. त्या म्हणाल्या, "अहो, पन्नास मुलं असली तरी फळ्याकडे बघणाऱ्यांचे चेहरे दिसतातच की."

काल रात्री मी माझ्या मैत्रिणीला म्हटलं, "मी तेव्हा हसले होते, माफ कर." ती म्हणाली, "तू हसलीस ते आठवत नाही. पण उलटी झाल्यावर तूच मला नळापर्यंत नेलं होतंस, ते आठवतंय." मला ते अजिबात आठवत नव्हतं. आणि सर, तुम्ही काल तिला स्वतःहून जवळ बोलावून जे बोललात ते तिने मला सांगितलं. ते तुमच्या दोघांमधलं आहे, मी इथे सांगणार नाही. पण चाळीस वर्षांनी विद्यार्थिनीला बोलावून घ्यायला मोठं मन लागतं, एवढं म्हणते आणि तुम्हाला नमस्कार करते.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. त्याला गंमत अशी की पुढे त्याला खरंच मायग्रेन सुरू झालं, आईचा वारसा अखेर आलाच. पहिल्यांदा दुखलं तेव्हा तो वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "यावेळी कोरे दिवस आहेत, मोजून आणलेत." तरी मी त्याचे दोन्ही डोळे चारी बाजूंना फिरवून पाहिले. 

ग्रुप फोटोसाठी खुणा होताहेत. ज्यांना नातवंडांबद्दल विचारायचं आहे त्यांनी जेवणानंतर विचारा. पण केसपेपर सोबत नसेल तर मी औषध सांगणार नाही. आणि फोटोसाठी उन्हात उभं राहायचंय, तेव्हा ज्यांना डोकेदुखीचा त्रास आहे त्यांनी झाडाखालच्या ओळीत या. संयोजकांना मी तसं सांगून ठेवलं आहे.